मैत्रिणीने प्रार्थनेला बोलावलं, तर? कॉलेज, श्रद्धा आणि कायदा

भाचीचा मेसेज रात्री साडेअकराला आला. "मावशी, जागी आहेस? कुणी आपल्याला बायबल स्टडीला बोलावलं तर ते इल्लीगल असतं का?"

भाची नाशिकला एस.वाय.बी.एस्सी.ला आहे, पीजीत राहते. तिची प्रॅक्टिकलची पार्टनर ख्रिस्ती. त्या दिवशी कॉलेज रोडवर कटिंग घेताना ती पार्टनर म्हणाली, "शनिवारी संध्याकाळी आम्ही पाच-सहा जण जमतो, गाणी म्हणतो, वचन वाचतो. येशील?" भाचीने आपल्या घराण्याच्या परंपरेप्रमाणे "बघते" असं मोघम उत्तर दिलं. खोलीवर आल्यावर एक रूममेट म्हणाली, "वेडी आहेस का, पोलीस केस होते याच्यात." दुसरी म्हणाली, "काही होत नाही, संविधानात लिहिलंय." दोघींनी पुराव्यादाखल एकेक रील दाखवलं.

दोघीही अर्ध्या बरोबर होत्या, आणि गोंधळ एकट्या भाचीचा नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने सक्तीच्या धर्मांतराविरुद्ध कायदा कसा असावा हे बघायला पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली सात जणांची समिती नेमली. तेव्हापासून नाक्यानाक्यावर हा विषय निघतो, आणि निघाला की सगळे शब्द एकाच पातेल्यात पडतात.

## तीन वेगळे शब्द

पहिला शब्द 'साक्ष'. ख्रिस्ती मंडळींच्या बोलण्यात हा सारखा येतो. कोर्टातली साक्ष ती नव्हे. देवाने माझ्या आयुष्यात काय केलं, हे दुसऱ्याला सांगणं म्हणजे साक्ष देणं. परीक्षेच्या आदल्या रात्री धीर कसा मिळाला इथपासून दारू कशी सुटली इथपर्यंत काहीही त्यात येतं. येशूबद्दलचा हा निरोप म्हणजे 'सुवार्ता', कॅथलिक घरांत 'शुभवर्तमान'.

दुसरा शब्द 'प्रचार'. आपल्या धर्माचं म्हणणं इतरांपुढे मांडणं. साक्ष हा त्यातलाच घरगुती प्रकार.

तिसरा 'धर्मांतर'. हे ऐकणारा करतो, सांगणारा नव्हे. शनिवारच्या गाण्यांपासून ते बरंच लांब आहे. कॅथलिक पंथात तर प्रौढ माणसाला बाप्तिस्म्याआधी, म्हणजे ख्रिस्ती होण्याच्या पाण्याच्या विधीआधी, कित्येक महिने शिकवणी असते. एका संध्याकाळी टाळ्या वाजवून कुणी ख्रिस्ती होत नाही.

ख्रिस्ती विद्यार्थी हे सांगायला जातातच कशाला, असंही भाचीने विचारलं. त्यांच्या धर्मात ते ऐच्छिक नाही, म्हणून. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या शेवटी येशू शिष्यांना सर्व राष्ट्रांत जाऊन शिष्य करायला सांगतो. आपल्याकडे तुळशीची माळ घातलेल्या माणसाला एकादशी जशी ऐच्छिक वाटत नाही, तसंच हे. त्याच बायबलात पेत्राच्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात पंधरावं वचन आहे. कुणी तुमच्या आशेचं कारण विचारलं तर उत्तर द्यायला तयार असा, पण ते सौम्यपणे आणि आदराने द्या, असा त्याचा भाव. कॉलेजातल्या भांडणांपैकी निम्मी या वचनाचा उत्तरार्ध विसरल्यामुळे होत असावीत, असं मला आपलं वाटतं.

## 'प्रचार' हा शब्द संविधानात आला कसा

अनुच्छेद २५ सगळ्या माणसांना चार गोष्टी देतो: सदसद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य, आणि आपला धर्म उघडपणे मानण्याचा, पाळण्याचा आणि त्याचा प्रचार करण्याचा हक्क. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या मर्यादेत.

यातल्या 'प्रचार' या शब्दावर ६ डिसेंबर १९४८ रोजी संविधान सभेत चांगलीच जुंपली. ओरिसाचे लोकनाथ मिश्र म्हणाले, हा शब्द नको. कन्हैयालाल मुन्शींनी उत्तर दिलं की हा शब्द नसला तरी भाषणस्वातंत्र्याखाली लोक एकमेकांना पटवणारच. माणूस स्वतःच्या विवेकाने धर्म बदलत असेल तर ते मान्य करावंच लागेल. मुन्शी काही मिशनऱ्यांचे पाठीराखे नव्हते, हे लक्षात घेतलं की या वाक्याचं वजन वाढतं.

मला त्या दिवसाच्या चर्चेतले टी. टी. कृष्णमाचारी जास्त आवडतात, कारण ते थेट वर्गातून बोलले. मी सुमारे चौदा वर्षं ख्रिस्ती संस्थांत शिकलो, माझं धर्मांतर करायचा प्रयत्न कुणी केला नाही, आणि त्यांनी आपल्या धर्माचा प्रचार करू नये असं म्हणायला मी तयार नाही, अशा अर्थाचं ते बोलले. शब्द राहिला.

म्हणजे दुसरी रूममेट इथपर्यंत बरोबर.

## मग १९७७ साली काय झालं

ओरिसाने १९६७ मध्ये आणि मध्य प्रदेशाने १९६८ मध्ये जबरदस्ती, फसवणूक किंवा आमिष यांच्या जोरावर केलेल्या धर्मांतराविरुद्ध कायदे केले. मध्य प्रदेशातल्या रेव्हरंड स्टॅनिस्लॉस यांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि जानेवारी १९७७ मध्ये पाच न्यायमूर्तींनी दोन्ही कायदे वैध ठरवले. न्यायालय म्हणालं, धर्माची तत्त्वं उलगडून सांगून तो पसरवण्याचा हक्क आहे, पण दुसऱ्या माणसाला आपल्या धर्मात आणण्याचा असा काही मूलभूत हक्क नाही. का? तर विवेकाचं स्वातंत्र्य समोरच्यालाही तेवढंच आहे.

याला एक नाशिकचं उदाहरण देते. नाशिककर मिसळीबाबत किती कट्टर असतात ते सांगायला नको. "आमच्या मिसळीसारखी मिसळ नाही, एकदा येऊन बघ" असं मित्राने तुम्हाला दहादा म्हटलं तरी तो हक्क आहे त्याचा. रस्साही तो वाखाणेल, दुसऱ्या दुकानापेक्षा आपलंच दुकान का चांगलं तेही पटवून सांगेल. पण तुमचा हात धरून घास तोंडात कोंबण्याचा हक्क त्याला नाही. पोह्यांना मिसळ म्हणून खपवण्याचा नाही. "आमच्या मिसळीला एक नंबर म्हणून लिहून दे, मेसची थकबाकी भरतो" असं म्हणण्याचा तर नाहीच. पहिली जबरदस्ती, दुसरी फसवणूक, तिसरं आमिष. चव आवडली की नाही हे शेवटी तुमच्या जिभेने ठरवायचं.

या निकालावर टीकाही पुष्कळ झाली. ज्येष्ठ घटनातज्ज्ञ एच. एम. सीरवाई यांनी तो चुकीचा आहे असं लिहून ठेवलं. पटवण्याचा हक्क द्यायचा आणि पटल्यावर जे होतं त्याकडे संशयाने बघायचं, हे गणित टीकाकारांना जुळत नाही. तरीही आज खालची न्यायालयं याच निकालावर चालतात.

## आमिष म्हणजे नेमकं काय? चहा चालतो का?

जबरदस्ती कळते, फसवणूकही कळते. अडतं ते आमिषापाशी. मध्य प्रदेशच्या १९६८ च्या कायद्यात भेटवस्तू किंवा पैशाचा फायदा एवढाच साधारण अर्थ होता. नंतरच्या काही राज्यांच्या कायद्यांत ही व्याख्या पसरत गेली. उत्तर प्रदेशच्या २०२१ च्या कायद्यात भेटवस्तूंबरोबर फुकट शिक्षण, नोकरी, चांगली जीवनशैली, देवाचा कोप हेही येतं. आता देव रागावेल किंवा कृपा करेल, हे वाक्य वगळून कोणता धर्म सांगायचा? हा प्रश्न मस्करीचा नाही. या कायद्यांना दिलेली आव्हानं सर्वोच्च न्यायालयापुढे आहेत.

नाशिकला हा प्रश्न नवा नाही. शरणपूर रोडवरून आपण रोज जातो, पण नावाकडे कुणी बघत नाही. शरण आलेल्यांचं गाव म्हणून शरणपूर. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात चर्च मिशनरी सोसायटीने ही वसाहत उभी केली. अरबी समुद्रात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलंही इथे आणली गेली. ती इथे लिहायला-वाचायला शिकली, धंदा शिकली आणि ख्रिस्ती झाली. त्यातला जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत गेला आणि १८७४ मध्ये आफ्रिका धुंडाळणारे मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या पार्थिवासोबत लंडनपर्यंत पोचला.

या मुलांना गुलामीतून सोडवणं हे पुण्यकर्मच, त्यात दोन मतं नाहीत. पण छप्पर, भाकरी आणि प्रार्थना एकाच हातातून मिळत असताना बारा वर्षांच्या पोराने 'नको' कसं म्हणायचं? आमिषाची खरी अडचण इथे आहे. देणाऱ्याच्या मनात पाप नसलं तरी घेणाऱ्याला नाही म्हणायची जागा उरते का, ते बघावं लागतं.

या कसोटीवर भाचीचा कटिंग चहा सुटतो. दहा-पंधरा रुपयांच्या चहाने कुणाची विवेकबुद्धी विकत जात नाही, शिवाय पैसे भाचीनेच दिले होते. पण एखाद्या गटाने फी थकलेल्या मुलाला "फी भरतो, रविवारी उपासनेला येत जा" असं म्हटलं, तर ती मदत राहत नाही.

## कॉलेजचं आवार कुणाचं?

इथे बहुतेक जण दोन गोष्टी मिसळतात. अनुच्छेद २८ संस्थेला आवरतो. पूर्णपणे सरकारी खर्चाने चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. सरकारमान्य किंवा अनुदानित संस्थेत कुणालाही त्याच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही, आणि मूल अज्ञान असेल तर पालकाची संमती लागते. कायद्याच्या मराठीत अठराच्या खालच्याला 'अज्ञान' म्हणतात.

म्हणजे सरकारी पॉलिटेक्निकने वेळापत्रकात बायबलचा तास टाकला तर घटनाभंग. त्याच पॉलिटेक्निकच्या कट्ट्यावर दोन पोरं येशूवर बोलत बसली तर तो तास नव्हे, त्या गप्पा. मिशनच्या कॉलेजातसुद्धा प्रार्थनेला हजेरी सक्तीची करता येत नाही. अल्पसंख्याकांना संस्था चालवण्याचा हक्क अनुच्छेद ३० देतो, पण तुमच्या मुलीला गुडघे टेकायला लावण्याचा नाही.

मराठी मुलखाने हे भांडण घटनेच्या कितीतरी आधी अनुभवलंय. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये विधवा मुलींसाठी शारदा सदन काढलं. धर्म शिकवणार नाही असं ठरलेलं होतं. रमाबाई स्वतः मात्र ख्रिस्ती, आणि प्रार्थना करताना आपल्या खोलीचं दार उघडं ठेवत. काही मुली येऊन बसू लागल्या. १८९३ मध्ये पुण्यात वादळ उठलं, पालकांनी मुली काढून नेल्या, रानडे-भांडारकरांसारख्या सुधारकांनी सल्लागार मंडळ सोडलं. रमाबाईंचं म्हणणं, मी कुणाला बोलावलं नाही. पालकांचं म्हणणं, दार उघडं होतं. मला विचाराल तर दोघांचंही खरं होतं. अनुच्छेद २८ मधली 'पालकाची संमती' वाचताना मला नेहमी ते दार आठवतं.

आता विद्यार्थ्यांकडे येऊ. भारतात ख्रिस्ती विद्यार्थ्यांचे गट जुने आहेत. स्टुडंट ख्रिश्चन मूव्हमेंट १९१२ पासून, युनियन ऑफ इव्हॅन्जेलिकल स्टुडंट्स ऑफ इंडिया १९५४ पासून. बहुतेक वेळा हे प्रकरण असतं अगदी साधं. कुणाच्या तरी हॉलमध्ये सतरंजी, एक गिटार, बायबलचा एक अध्याय, मग एकमेकांच्या सबमिशनसाठी प्रार्थना. अशा खाजगी जमण्याला कॉलेजची परवानगी लागत नाही.

आवारात हॉल घेऊन कार्यक्रम करायचा, पत्रकं वाटायची, स्टॉल लावायचा, तर मात्र लागते. आवार संस्थेचं आहे, शिस्तीचे नियम ती करू शकते. पण नियम सगळ्यांना एकच हवा. गणेशोत्सवाला, गीता वाटपाला, नाताळाला, इफ्तारला एकाच मापाने 'हो' किंवा एकाच मापाने 'नाही'. एकाला हॉल आणि दुसऱ्याला गेटबाहेर, असं झालं की भांडण धर्माचं राहत नाही, समानतेचं होतं.

## सर सांगतात तेव्हा

मैत्रिणीने बोलावणं आणि प्रॅक्टिकलच्या सरांनी बोलावणं यात फरक आहे, हे भाचीने मी सांगायच्या आत ओळखलं. "सरांना नाही कसं म्हणणार? इंटर्नलचे मार्क त्यांच्या हातात."

या एका वाक्यात युरोपातल्या न्यायालयाचे दोन निकाल मावतात. ग्रीसमध्ये यहोवाचे साक्षीदार या पंथाचे मिनोस कोकिनाकिस १९८६ मध्ये क्रीट बेटावर एका बाईंच्या घरी जाऊन धर्मावर बोलले. बाईंचे यजमान स्थानिक ऑर्थोडॉक्स चर्चमधले गायक. त्यांनी पोलीस बोलावले. कोकिनाकिस यांना त्याआधीही आयुष्यात साठहून जास्त वेळा अटक झालेली. १९९३ मध्ये स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला: साक्ष देणं वेगळं आणि गैरमार्गाने ओढणं वेगळं, आणि गैरमार्ग ग्रीसने दाखवून दिलेला नाही.

पाचच वर्षांनी, १९९८ मध्ये, त्याच न्यायालयापुढे ग्रीक हवाई दलाचे तीन अधिकारी आले. पेंटेकॉस्टल पंथाचे. त्यांनी हाताखालच्या जवानांना आणि बाहेरच्या नागरिकांनाही धर्म सांगितला होता. नागरिकांच्या बाबतीत न्यायालयाने त्यांची शिक्षा चूक ठरवली. जवानांच्या बाबतीत मात्र शिक्षा योग्य मानली, कारण वरिष्ठ बोलायला लागला की लष्करात हाताखालच्याला उठून जाता येत नाही. बोलणं तेच असेल, पण ऐकणाऱ्याला उठता येतंय का, यावर निकाल फिरला.

हे निकाल भारताला बांधील नाहीत, पण कॉलेजात कसं वागावं हे यांच्याइतकं नेमकं मला दुसरीकडे सापडलं नाही. वॉर्डन, प्राध्यापक, रॅगिंगच्या भीतीच्या काळातला सीनियर, हे सगळे त्या अधिकाऱ्यांच्या जागी. प्रॅक्टिकलची पार्टनर नव्हे. फार तर ती चिडून जर्नल द्यायची नाही.

## 'पण हे लोकच का सांगत फिरतात?'

हा आक्षेप आमच्या घरच्या जेवणाच्या टेबलावरचा. उत्तर द्यायला नाशिकच्या बाहेर जावं लागत नाही. गंगाघाटावर कीर्तन चालतं ते कुणाला तरी भक्तीला लावायलाच. इगतपुरीच्या धम्मगिरीत जगभरातून लोक दहा दिवस मौन धरून बसायला येतात आणि घरी जाऊन चार जणांना "तूही एकदा कर" असं सांगतात. स्टेशनबाहेर हातात ग्रंथ देणारे भगव्या वेशातले तरुण तुम्हालाही भेटले असतील. सांगणं सगळ्यांचंच चालू असतं. फरक एवढाच की ख्रिस्ती आणि इस्लाम या धर्मांत आत येण्याला स्पष्ट उंबरठा आहे. कीर्तनाला गेलेल्याला आधीचं काही सोडावं लागत नाही, बाप्तिस्मा घेणाऱ्याला लागतं. त्यामुळे तिथे घरचे लोक बिथरतात, आणि ते मी समजू शकते.

यापुढचं वाक्य असतं, "सगळा देश ख्रिस्ती करतील." आकडे बघा. २०११ च्या जनगणनेत देशात ख्रिस्ती २.३ टक्के, महाराष्ट्रात एक टक्क्याच्याही जरा खाली. १९५१ मध्येही देशातलं प्रमाण साधारण २.३ टक्केच होतं. ज्यांनी धर्म बदलला पण कागदावर लिहिला नाही ते यात येत नाहीत, असा यावरचा प्रतिवाद. तो पूर्ण फेटाळता येत नाही. तसं का लिहीत नाहीत, त्याचं एक कारण पुढे येतंय.

आणि नाशिक जिल्ह्यात बसून धर्म बदलणं हा परका विचार आहे असं कुणी म्हणू नये. काळाराम मंदिराच्या सत्याग्रहानंतर डॉ. आंबेडकरांनी १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात जाहीर केलं, की हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. त्यानंतर प्रत्यक्ष दीक्षा घेतली ती १९५६ मध्ये. मधली एकवीस वर्षं त्यांनी विचार केला, वाचलं. शीख, मुस्लिम, ख्रिस्ती सगळे त्यांना आपापलं सांगायला आले. प्रचार सगळ्यांनी केला, निवड त्यांनी केली.

त्याहून घरगुती उदाहरण लक्ष्मीबाई टिळकांचं. त्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक, यांना रेल्वेच्या प्रवासात एका अनोळखी युरोपियन गृहस्थाने नवा करार, म्हणजे बायबलचा येशूपासूनचा भाग, दिला. तिथून सुरू झालेला विचार १८९५ च्या बाप्तिस्म्यापर्यंत गेला. सनातनी घरातल्या लक्ष्मीबाई कोसळल्या, काही वर्षं वेगळ्या राहिल्या. त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो पाच वर्षांनी, स्वतःला पटल्यावर. डब्यातल्या परक्या माणसाचं नवऱ्याला पटलं, पण नवऱ्याचं बायकोला पटायला पाच वर्षं लागली. पटवणं कुणाच्या हातात असतं ते यावरून बघा.

## प्रार्थनेने बरी होशील असं म्हणाली तर?

"तुझ्या मायग्रेनसाठी प्रार्थना करते" यात कायद्याला काही नाही. "गोळ्या बंद कर, प्रार्थनेने जाईल" इथे धोका सुरू होतो, आणि तो आधी तब्येतीला. महाराष्ट्रात यासाठी धर्मांतराचा कायदा शोधायची गरजच नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर २०१३ मध्ये आलेला जादूटोणाविरोधी कायदा चमत्काराचा दावा करून लोकांना फसवणं, लुबाडणं, घाबरवणं हा गुन्हा मानतो. बुवा कोणत्या धर्माचा, हे तो विचारत नाही.

दुसऱ्याच्या देवाची टवाळी करून आपला देव मोठा करणं, हाही वेगळा गुन्हा होऊ शकतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेची कलमं २९९ आणि ३०२ जाणूनबुजून धार्मिक भावना दुखावण्याबद्दल आहेत. ही दोन्ही बाजूंना लागतात. प्रार्थनेत घुसून बायबल फाडणाऱ्यालाही.

## पोलीस केस खरंच होते का?

ज्या राज्यांत खास कायदा आहे तिथे होते. ओडिशा, गुजरात, उत्तर प्रदेश, कर्नाटक, राजस्थान अशी यादी लांबत चालली आहे आणि कलमं बदलत राहतात, त्यामुळे रीलवर न जाता त्या दिवशी आपल्या राज्यात लागू असलेला मजकूर बघावा. काही ठिकाणी धर्म बदलण्याआधी जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, उत्तर प्रदेशात ६० दिवस आधी. हिमाचल उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये त्या राज्याच्या तेव्हाच्या कायद्यातली अशी पूर्वसूचनेची अट रद्द केली होती. माणसाच्या मनातला विश्वास सरकारला आगाऊ का सांगायचा, हा मुद्दा.

पण यात एक मेख आहे. केस होणं आणि गुन्हा सिद्ध होणं यात अंतर असतं. प्रयागराजच्या एका विद्यापीठाच्या कुलगुरूंसह अनेकांवर सामूहिक धर्मांतराचे गुन्हे दाखल झाले होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यातले बरेच रद्द केले. फौजदारी कायदा निरपराधांच्या छळाचं साधन होऊ नये, असं न्यायालयाने सुनावलं. ज्याचं धर्मांतर झालं म्हणता तो माणूस तक्रार करत नाही, करतो तिसराच, हीही त्यातली एक अडचण होती.

## ज्याची कुणी पत्रकं छापत नाही ती गोष्ट

अनुसूचित जातींच्या यादीचा १९५० चा आदेश आहे. त्यानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख (१९५६ पासून) आणि बौद्ध (१९९० पासून) यांनाच मिळतो. दलित विद्यार्थी ख्रिस्ती झाला तर तो दर्जा जातो, त्यासोबत त्या दर्जावर मिळणारी शिष्यवृत्ती आणि आरक्षणही. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बाप्तिस्मा घेतलेल्या एका महिलेचा अनुसूचित जातीच्या प्रमाणपत्राचा दावा फेटाळला. जात धर्मांतराने खरंच सुटते का, यावर केंद्राने २०२२ मध्ये आयोग नेमला. अनुसूचित जमातींना ही धर्माची अट नाही, त्यामुळे सुरगाणा-पेठकडच्या आदिवासी मुलाचा दाखला धर्म बदलल्याने आपोआप जात नाही.

कागदावर एक धर्म आणि रविवारी दुसरा, असं जगणारी माणसं का असतात, त्याचं उत्तर बऱ्याच अंशी इथे आहे. आणि साक्ष देणाऱ्या विद्यार्थ्यांना माझं म्हणणं असं की तुमच्या मित्राचं शिक्षण शिष्यवृत्तीवर चाललं असेल तर स्वर्गाबरोबर ही गोष्टही त्याला सांगा. लपवलीत, तर फसवणुकीच्या किती जवळ जाता ते तुम्हीच बघा.

## वय

हे सगळं झालं अठरा पूर्ण झालेल्यांचं. भाची एकोणीसची आहे. तिला शनिवारी जायचं की नाही हे ठरवायला माझी, तिच्या आईची किंवा कुणा संघटनेची परवानगी लागत नाही. मैत्रिणीला "नको गं, मला यात रस नाही" म्हणायचाही तिला तितकाच हक्क आहे, आणि एकदा नाही म्हटल्यावर रोज वचनाचे मेसेज टाकणं हा प्रचार नसून पिरपिर आहे.

आपल्याकडे मात्र अकरावी-बारावी त्याच आवारात भरते. सोळा वर्षांचं पोर आणि एकवीस वर्षांचा टी.वाय.चा विद्यार्थी एकाच कँटीनमध्ये वडापाव खातात, एकाच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये असतात. त्या पोराला मोठ्यांनी घरच्यांच्या नकळत नेऊ नये. खास कायदे जिथे आहेत तिथे अल्पवयीनांच्या बाबतीत शिक्षा बहुधा जास्त असते, आणि तो कायदा बाजूला ठेवला तरी एखाद्याच्या आईच्या जागी स्वतःला ठेवून बघावं.

हे मी फोनवर सांगत होते तेव्हा भाची एकदम गप्प झाली. शनिवारच्या ग्रुपमध्ये तिचा अकरावीतला भाऊसुद्धा होता. त्याला पार्टनरनेच घेतलं होतं, सहज, भाचीचा भाऊ म्हणून. दुसऱ्या दिवशी भाचीने तिला विचारलं, "याच्या वयाचा विचार केलास का?" तिने केला नव्हता. तिने तिथल्या तिथे सॉरी म्हणून त्याला ग्रुपमधून काढलं, आणि आईला विचारून आणलं तर येऊ दे म्हणाली.

भाची शनिवारी गेली की नाही, ते मी विचारलेलं नाही. भाऊ मात्र अजून माझ्यावर चिडून आहे. तिथे त्याला फुकट गिटार शिकायला मिळणार होती. हे आमिषात बसतं का, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.